अ‍ॅनिमेची ‘हिबाईहिन’ स्टेशनरी: जमवायची कशी, ओळखायची कशी, टिकवायची कशी

जपानमधल्या चोवीस तास उघड्या दुकानात ठरावीक चॉकलेट-बिस्किटांची दोन-तीन पाकिटं घेतली की अ‍ॅनिमेचं (जपानी कार्टून मालिकांचं) चित्र असलेली एक प्लास्टिकची फाइल, म्हणजे ‘क्लिअर फाइल’, मोफत मिळते. चित्रपटाचं तिकीट आगाऊ घेतलं तर कधी पेन्सिल, कधी फाइल. मासिक घेतलं तर वही, स्टिकर, पाउच. या वस्तूंवर किंमत नसते, कारण त्या विकायला काढलेल्याच नसतात. जपानीत अशा मालाला ‘हिबाईहिन’ म्हणतात आणि बऱ्याचदा तो शब्द वस्तूच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलाही असतो.

या छंदाचं खरं आकर्षण मला इथेच वाटतं. दुकानात विकली जाणारी पात्राची मूर्ती कुणीतरी जपून ठेवायलाच घेतो. फुकट मिळालेली वही मात्र शाळेत भरून संपते, पेन्सिल तासून तासून लहान होते, फाइल दप्तरात वाकते. या वस्तू भरपूर छापल्या गेल्या तरी कोऱ्या थोड्याच उरतात. वस्तूसोबत तिची माहितीही हरवते. कोणत्या मोहिमेत मिळाली, कधी, काय घेतल्यावर, किती प्रकार होते, हे कशावरच छापलेलं नसतं. म्हणून सुरुवातीलाच सांगते: वस्तूइतकीच तिची हकीगत जमवा. हकीगत नसलेली फाइल म्हणजे नुसतं छापील प्लास्टिक. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच धोरणाने लिहिल्या आहेत.

या भेटी इतक्या साध्या का असतात

हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढे काय अपेक्षा ठेवायची ते कळेल. जपानमध्ये १९६२ सालापासून खरेदीसोबत देण्याच्या भेटींवर कायदा आहे. खरेदी करणाऱ्या प्रत्येकाला भेट द्यायची असेल तर १००० येनपेक्षा कमी खरेदीवर तिची किंमत २०० येनच्या आत असावी लागते. १००० येन किंवा त्याहून जास्त खरेदी असेल तर खरेदीच्या २० टक्क्यांपर्यंत. म्हणजे दोन चॉकलेटांवर काय देता येईल याची मर्यादा कायद्यानेच आखलेली आहे. सपाट, हलकी, हजारोंनी स्वस्तात छापता येणारी आणि दुकानाच्या मांडणीत जागा न अडवणारी वस्तू हवी. क्लिअर फाइल या सगळ्या अटींत चपखल बसते.

सोडतीत ही मर्यादा बरीच सैल होते. ५००० येनच्या आतल्या खरेदीला त्या रकमेच्या २० पटींपर्यंत बक्षीस देता येतं, त्याच्या वर १ लाख येनपर्यंत. पण सगळ्या बक्षिसांची एकूण किंमत अपेक्षित विक्रीच्या २ टक्क्यांत बसवावी लागते. त्यामुळे सोडतीच्या वस्तू भारी असतात आणि मोजक्या असतात. बाजारात एखादा पेनसंच अवाच्या सवा किमतीला दिसला, तर आधी तो सगळ्यांना मिळालेला होता की सोडतीचा, हे शोधा. किमतीचं अर्धं कोडं तिथेच सुटतं.

आधी कुंपण घाला

“मला अ‍ॅनिमेची स्टेशनरी आवडते” एवढ्यावर संग्रह सुरू केला तर वर्षभरात कपाट भरतं आणि हाती काहीच लागत नाही. सीमा आखायच्या तीन रीती मला उपयोगी वाटतात. एकच कलाकृती घ्या आणि तिच्या सगळ्या भेटवस्तू जमवा. किंवा एकच वस्तुप्रकार घ्या, उदाहरणार्थ फक्त शिताजिकी (लिहिताना पानाखाली ठेवायचा फळा). किंवा एकच मार्ग घ्या, जसं की एका मासिकासोबत आलेल्या भेटी.

नवख्याला मी तिसरी रीत सुचवेन. मासिकाचे अंक क्रमाने निघतात, कोणत्या अंकासोबत काय होतं ते जाहिरातीत आणि मुखपृष्ठावर छापलेलं असतं, त्यामुळे यादी पूर्ण झाली की नाही हे नक्की सांगता येतं. दुकानी मोहिमांत असा पुरावा क्वचित सापडतो. गाजलेल्या मालिकेच्या मागे लागलात तर दर महिन्याला नव्या फाइली निघतच राहतील आणि संग्रहाला कधी शेवट येणार नाही.

शिताजिकी म्हणजे लिहिताना पानाखाली ठेवायचा पातळ, कडक फळा. पेन्सिलचा दाब खालच्या पानावर उमटू नये म्हणून जपानी मुलं तो वापरतात. सहसा तो जपानी बी-५ मापाचा, म्हणजे १८२ बाय २५७ मिलिमीटर असतो. जपानी बी-५ हे आंतरराष्ट्रीय बी-५पेक्षा थोडं मोठं आहे, त्यामुळे बाहेरची पाकिटं घेताना माप नक्की तपासा.

नव्या वस्तू कुठून येतात

*चोवीस तास उघडी दुकानं.* सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट या साखळ्यांत मोहीम ठरलेल्या दिवशी सुरू होते, बऱ्याचदा सकाळी ७ वाजता. ठरावीक खाऊचे दोन-तीन नग घेतले की एक फाइल. फाइली खाऊच्या मांडणीजवळच लावलेल्या असतात. हवी ती उचलून खाऊसोबत काउंटरवर न्यायची. साठा संपला की मोहीम संपली, मग जाहिरातीत शेवटची तारीख काहीही असो. मोठ्या स्टेशनाजवळचं दुकान सकाळीच रिकामं होतं. निवासी भागातल्या आणि कचेऱ्यांच्या इमारतींमधल्या दुकानांत फाइली जास्त वेळ टिकतात. एका व्यक्तीला किती, याची मर्यादा पाटीवर लिहिलेली असते. ती पाळा. आणि खाऊ खाणार असाल तेवढाच घ्या. भेटीसाठी अन्न टाकून देणं मला अजिबात पटत नाही.

*चित्रपटगृहं.* इथे दोन वेगळ्या भेटी असतात आणि नवखे त्यांची गल्लत करतात. एक आगाऊ तिकिटासोबत मिळते. ‘मुबिचिके’ नावाच्या आगाऊ तिकिटाच्या कार्डाबरोबर बऱ्याचदा क्लिअर फाइल असते. दुसरी चित्रपट बघायला आत जाताना मिळते आणि ती आठवड्यागणिक बदलते. नोंद करताना यातली कोणती ते लिहून ठेवा.

*मासिकं.* मासिकासोबतच्या भेटीला ‘फुरोकु’ म्हणतात. मुलींच्या मासिकांत ‘नाकायोशी’ १९५४ पासून, ‘रिबोन’ १९५५ पासून आणि ‘चाओ’ १९७७ पासून निघतं. अ‍ॅनिमेला वाहिलेल्या मासिकांत ‘अ‍ॅनिमेज’ १९७८, ‘अ‍ॅनिमीडिया’ १९८१ आणि ‘न्यूटाइप’ १९८५ साली सुरू झालं. फुरोकुत कोणता कच्चा माल वापरायचा यावर पूर्वी कडक बंधनं होती. ती २००१ साली सैल झाली. म्हणून नव्वदच्या दशकातल्या भेटी बहुतांशी कागदी आहेत: दुमडून बनवायचे खोके, पत्रांचे कागद, लिफाफे, स्टिकर, छोट्या वह्या. त्यातली कल्पकता बघण्यासारखी आहे. नुसत्या पुठ्ठ्यातून खणांचं कपाट उभं राहतं. असा संच न जोडलेला, न कापलेला मिळाला तर तो घ्याच.

*झेन्सा.* मासिकातलं कूपन कापून आणि काहीशे येन टपालाने पाठवून, अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला मिळणारी वस्तू. कूपनची झेरॉक्स चालत नाही, पत्ता जपानमधलाच लागतो आणि वस्तू यायला कित्येक महिने लागतात. ज्याने चिकाटीने अर्ज केला त्यालाच मिळाली, म्हणून झेन्साच्या वस्तू फुरोकुपेक्षा दुर्मीळ. माझ्या मते या छंदातला सगळ्यात रसाळ भाग हाच आहे. मूळ पाकीट आणि सोबतची चिठ्ठी मिळाली तर फेकू नका.

*खास दुकानं आणि मेळे.* अ‍ॅनिमेट या साखळीत ठरावीक रकमेच्या पुस्तकांवर किंवा वस्तूंवर भेट देणाऱ्या मोहिमा सतत चालू असतात. तिचं मुख्य दुकान तोक्योतल्या इकेबुकुरोत आहे. मार्च महिन्यात तोक्यो बिग साइटला भरणारं ‘अ‍ॅनिमेजपान’ आणि डिसेंबरात माकुहारी मेस्सेला भरणारा ‘जंप फेस्टा’ इथे कंपन्या आपापल्या दालनांत पिशव्या, फाइली, कार्डं वाटतात. मेळ्याला जाताना पाठपिशवीत कडक पुठ्ठ्याची ए-४ पेटी न्या. गर्दीत हातात धरलेली फाइल सरळ राहत नाही.

‘इचिबान कुजी’ हा प्रकार जवळचा आहे, पण भेट नव्हे. पैसे देऊन चिठ्ठी उचलायची, प्रत्येक चिठ्ठीला काही ना काही लागतंच. खालच्या दर्जाच्या बक्षिसांत अनेकदा फाइली आणि स्टिकर असतात. वरची मूर्ती हवी असलेले लोक त्या स्वस्तात विकून टाकतात, म्हणून चिठ्ठ्या उचलत बसू नका, थेट त्यांच्याकडून घ्या.

न दाखवता दिलेले संच

बऱ्याच मोहिमांत भेट बंद पाकिटात असते आणि कोणतं पात्र निघेल ते सांगता येत नाही. इथे थोडा हिशेब कामाला येतो. आठ प्रकार सारख्याच प्रमाणात असतील, तर पहिले चार वेगवेगळे प्रकार सरासरी पाचेक पाकिटांत मिळतात. पूर्ण आठ जमायला मात्र सरासरी २२ पाकिटं लागतात. त्यातली आठ तर एकट्या शेवटच्या प्रकारासाठी! म्हणून अर्धा संच झाला की खरेदी थांबवा आणि अदलाबदलीकडे वळा.

जपानी संग्राहक समाजमाध्यमांवर यासाठी ठरलेला मजकूर लिहितात: ‘युझुरी’पुढे आपल्याकडे देण्यासारखं काय आहे ते, ‘मोतोमे’पुढे हवं ते. सोबत मोहिमेचं नाव आणि वस्तूचा फोटो, फोटोत त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी. दोघांनी एकाच दिवशी पाठवायचं, टपालखर्च ज्याचा त्याने करायचा. लोकप्रिय पात्राच्या एका फाइलसाठी दोन-तीन मागितल्या जातात. राग मानू नका, ती तिथली रीत आहे. तुम्हाला आवडणारं पात्र फारसं लोकप्रिय नसेल तर याच रीतीचा तुम्हाला फायदा होतो.

जुना माल शोधताना

तोक्योतल्या नाकानो ब्रॉडवे या १९६६ सालच्या इमारतीत जुना माल विकणाऱ्या मांदाराके या साखळीची बरीच दुकानं आहेत. १९८० साली जुन्या ‘मांगा’ म्हणजे जपानी चित्रकथांच्या छोट्या दुकानापासून ही साखळी सुरू झाली. तिथे शिताजिकी, फुरोकु, जुन्या पेन्सिली वेगवेगळ्या लावलेल्या असतात आणि भाव ठरवणाऱ्यांना मालाची जाण असते. म्हणजे फसवणूक क्वचित, पण नशिबाने स्वस्तात घबाड मिळणंही क्वचितच. इकेबुकुरोचा ओतोमे रोड आणि ओसाकाचा निप्पोनबाशी हे आणखी दोन भाग. नेटवर सुरुगाया, याहू ऑक्शन्स (१९९९ पासून) आणि मेरुकारी (२०१३ पासून) इथे सगळ्यात जास्त माल फिरतो. यातल्या बऱ्याच ठिकाणी परदेशी पत्त्यावर थेट माल येत नाही. तुमच्या वतीने खरेदी करून पुढे पाठवणाऱ्या सेवा लागतात आणि त्यांचं शुल्क प्रत्येक व्यवहारावर लागतं. म्हणून एकेक फाइल घेऊ नका. ‘मातोमे-उरी’, म्हणजे एकत्र गठ्ठ्याने विकायला काढलेला माल शोधा. लहानपणचा साठा रिकामा करणारे लोक असेच विकतात आणि अशा गठ्ठ्यांत विकणाऱ्यालाही माहीत नसलेल्या वस्तू निघतात.

शोध जपानी लिपीतच घ्या. मालिकेचं मूळ जपानी नाव, वस्तूचा प्रकार आणि ‘हिबाईहिन’ किंवा ‘फुरोकु’ एवढे तीन शब्द जपानी लिपीत साठवून ठेवा. इंग्रजी नावाने शोधलंत तर परदेशी गिऱ्हाइकासाठी चढ्या भावाने लावलेला मालच समोर येईल.

वर्णनातले काही शब्द पाठ करावेत. ‘मिकाइफु’ म्हणजे न उघडलेलं. ‘बिहिन’ म्हणजे चांगल्या स्थितीत, पण हे विकणाऱ्याचं मत झालं. ‘याके’ म्हणजे उन्हाने किंवा काळाने रंग पालटलेला, ‘शिमी’ डाग, ‘ओरे’ घडी, ‘सुरे’ घासल्याच्या खुणा, ‘किझु’ ओरखडे. ‘ओरे’ दिसलं की फोटो मोठा करून बघा. क्लिअर फाइल पॉलिप्रॉपिलीनची असते आणि ती दुमडली की तिथे पांढरी रेघ उमटते. ती कशानेही जात नाही. फाइलचे दोन पदर जिथे वितळवून जोडलेले असतात, ती कडही बघा. वापरलेली फाइल पहिल्यांदा तिथेच उसवते.

खरं की खोटं, आणि कोणत्या सालचं

अधिकृत वस्तूवर हक्काची ओळ असतेच: वर्तुळातलं सी अक्षर आणि पुढे हक्कदारांची नावं. ‘वन पीस’ मालिकेच्या वस्तूंवर एइइचिरो ओदा, शूएइशा, फुजी टीव्ही आणि तोएइ अ‍ॅनिमेशन अशी नावं येतात. अनेक नव्या मालिकांना त्या-त्या मालिकेची ‘निर्मिती समिती’ हक्कदार असते. ओळ नसेल, नावं अर्धवट असतील किंवा अक्षरं फुटलेली असतील, तर थांबा. चाहत्यांनी स्वतः काढून छापलेल्या वस्तूंवर गटाचं नाव असतं. त्यांना खोटं म्हणू नये, पण वेगळ्या खणात ठेवावं.

मग दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. कारखान्यातल्या ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके आखीव जाळीत बसलेले दिसतात. घरगुती इंकजेटवर काढलेल्या नकलेत ते विस्कळीत फवाऱ्यासारखे पसरतात. चांगल्या क्लिअर फाइलमध्ये चित्रामागे पांढऱ्या शाईचा थर असतो, त्यामुळे आत छापील कागद घातला तरी पात्राच्या चेहऱ्यातून अक्षरं आरपार दिसत नाहीत. नकलेत हा थर बऱ्याचदा गाळलेला असतो. बारकोडही बघा. दुकानात विकायच्या जपानी मालाचा बारकोड ४५ किंवा ४९ने सुरू होतो. मोफत भेटीवर सहसा बारकोड नसतोच. तेव्हा ‘हिबाईहिन’ म्हणून विकत असलेल्या फाइलवर बारकोड दिसला तर ती बहुधा साधी विक्रीची फाइल आहे.

साल शोधणं हा या छंदातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे. हक्काच्या ओळीतलं साल अनेकदा मालिका सुरू झाल्याचं असतं, वस्तू छापल्याचं नसतं. त्यावर विसंबू नका. त्यापेक्षा या खुणा बघा.

जपानी शकाचं साल दिलेलं असेल तर शोवा असल्यास १९२५ मिळवा, हेइसेइ असल्यास १९८८, रेइवा असल्यास २०१८. म्हणजे शोवा ५८ हे १९८३.

कंपनीचं नाव बघा. तोएइ दोगा ही कंपनी १९९८च्या ऑक्टोबरात तोएइ अ‍ॅनिमेशन झाली. वस्तूवर जुनं नाव असेल तर ती बहुधा त्याआधीची.

झेन्साच्या पाकिटावर पिनकोड बघा. फेब्रुवारी १९९८ पासून जपानचा पिनकोड सात अंकी झाला, त्याआधी तीन किंवा पाच अंकी होता. तोक्यो शहराचा दूरध्वनी क्रमांक छापला असेल तर ०३ नंतरचे अंक मोजा. १९९१च्या १ जानेवारीला त्यांच्यापुढे ३ची भर पडून ते आठ झाले. सात अंक असतील तर वस्तू त्याच्या आधीची.

सोबतच्या पत्रकावर किमतीत विक्रीकराचा उल्लेख असेल तर तोही बोलका असतो. जपानमध्ये हा कर एप्रिल १९८९ला ३ टक्क्यांनी सुरू झाला, एप्रिल १९९७ला ५ टक्के झाला, एप्रिल २०१४ला ८ आणि ऑक्टोबर २०१९ला १०.

एका खुणेवर निकाल देऊ नका. दोन-तीन खुणा एकाच काळाकडे बोट दाखवत असतील तरच साल लिहा. नाहीतर “१९९१ ते १९९८च्या दरम्यान” असा पल्ला लिहा. तो प्रामाणिक असतो आणि पुढच्या संग्राहकाला जास्त उपयोगी पडतो.

टपालातलं नुकसान टाळा

ए-४ क्लिअर फाइल साधारण ३१० बाय २२० मिलिमीटरची असते. जपानमधल्या ‘नेकोपोसु’ सेवेची मर्यादा ३१२ बाय २२८ आहे. म्हणजे फाइल जेमतेम बसते आणि पुठ्ठ्याला चारी बाजूंनी जागा उरत नाही. कोपरे तिथेच दबतात. ‘लेटर पॅक’चं पाकीट ३४० बाय २४८ असतं, त्यात पुठ्ठा नीट बसतो. ‘स्मार्ट लेटर’ २५० बाय १७०चं, त्यात फाइल दुमडल्याशिवाय जाणारच नाही. विकणाऱ्याने पाठवायची कोणती पद्धत लिहिली आहे ते पैसे भरण्याआधी वाचा आणि गरज असेल तर नम्रपणे बदलून मागा.

परदेशी पाठवताना जपान टपालाच्या छोट्या पाकिटाची मर्यादा २ किलो आहे, तिन्ही बाजू मिळून ९० सेंटिमीटर आणि सगळ्यात लांब बाजू ६० सेंटिमीटर. फाइली गुंडाळून नळीत घालू देऊ नका. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून, पुठ्ठ्यांच्या आतल्या पन्हळी एकमेकींना काटकोनात येतील असे लावायला सांगा. मग पाकीट कोणत्याही बाजूने वाकत नाही.

घरी आल्यावर

पहिल्या दिवशी वस्तू उघड्या हवेत, सावलीत ठेवा. सिगारेटचा किंवा कुबट वास असेल तर बाकीच्या संग्रहापासून आठवडाभर दूर. क्लिअर फाइल मऊ, किंचित ओल्या कापडाने पुसता येते, पण छपाई वरच्या बाजूला असेल तर फार घासू नका आणि स्पिरिट किंवा थिनर वापरू नका. कागदी फुरोकुला पाणी लावायचंच नाही.

ठेवण्याच्या पिशव्या पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या घ्या. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या आणि अल्बम टाळा. त्यांना नरमपणा देणारं रसायन हळूहळू बाहेर येतं आणि छपाईला चिकटतं. नव्या पिशवीला तीव्र प्लास्टिकी वास येत असेल तर ती परत करा. साध्या ए-४ खिशांत क्लिअर फाइल घट्ट बसते, कारण ते खिसे २१० बाय २९७च्या कागदासाठी असतात. जपानी स्टेशनरीच्या दुकानांत क्लिअर फाइली ठेवण्यासाठीच बनवलेले मोठे अल्बम मिळतात, तेच घ्या. फाइली उभ्या ठेवा, पण खच्चून भरू नका. आडव्या रचल्यात तर खालच्या फाइलींवर वरच्यांच्या कडा उमटतात.

खोडरबर हा या संग्रहातला सगळ्यात त्रासदायक पाहुणा. बहुतेक जपानी खोडरबर मऊ पीव्हीसीचे असतात आणि त्यातलं रसायन कडक प्लास्टिकला वितळवतं. पेन्सिलच्या पेटीत वर्षानुवर्षं ठेवलेला खोडरबर पेटीला चिकटून बसलेला तुम्ही पाहिला असेल. त्याच्याभोवती कागदी वेष्टन असतं ते याचसाठी. संग्रहात प्रत्येक खोडरबर आम्लरहित कागदात गुंडाळा आणि वेगळ्या कागदी डबीत ठेवा. शिताजिकी, फाइली, पेनं यांच्या जवळपासही नको.

पेनांना आयुष्य असतं हे मान्य करा. जेल पेनाची शाई वाळतेच. शाई गळून नळी खराब होण्याआधी रिफिल काढून ठेवा आणि तसं नोंदीत लिहा. रबरी पकड असलेलं पेन काही वर्षांनी चिकट होऊ लागतं. त्याला वेगळ्या कागदात ठेवा, म्हणजे तो चिकटपणा इतरांना लागणार नाही. पेन्सिली सगळ्यात सोशिक. त्यांना तासू नका, इतकंच. स्टिकरच्या पानांना उष्णता सोसत नाही, कडांमधून डिंक बाहेर येतो. पानांमध्ये सिलिकॉनचा गुळगुळीत कागद घाला.

आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवता आली तर उत्तम. बंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक ठेवला की अंदाज घेत बसावं लागत नाही. ऊन मात्र अजिबात नको. संग्रहालयांत कागदावरच्या नाजूक चित्रांना ५० लक्सच्या आसपासच प्रकाश देतात, यावरून घरच्या खिडकीचं ऊन किती जास्त आहे ते समजा. भिंतीवर लावायचीच असेल तर दुबार प्रत लावा. लाल आणि पिवळा रंग आधी उडतो आणि पात्रांचे चेहरे निळसर दिसू लागतात.

नोंद, त्याच दिवशी

मोहीम संपली की कंपनीचं माहितीचं पान बऱ्याचदा नाहीसं होतं. म्हणून ते पहिल्याच दिवशी जतन करा. दुकानात चिकटवलेलं पोस्टर काढून आणायचं नाही, त्याचा फोटो घ्या. पावतीचाही फोटो घ्या, कारण ती उष्णतेने छापलेली असते आणि काही वर्षांत कोरी होते. मूळ पावती वस्तूसोबत एकाच पिशवीत ठेवू नका.

एका साध्या तक्त्यात हे रकाने पुरतात: मालिका, पात्र, वस्तू, मोहिमेचं नाव जपानीत जसं छापलं तसं, सुरू आणि संपण्याची तारीख, कुठे मिळत होती, काय घेतल्यावर, संचात एकूण किती, हक्काची पूर्ण ओळ, स्थिती, कुणाकडून आणि केवढ्याला, आणि साल ठरवलं असेल तर कशावरून. शेवटचा रकाना लोक गाळतात. तो गाळू नका. “पिनकोड सात अंकी, नाव तोएइ अ‍ॅनिमेशन” एवढं लिहिलं तरी उद्या कुणीही तुमचा निष्कर्ष तपासू शकेल. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या, पण तो वस्तूवर लिहू नका. पिशवीच्या आत आम्लरहित कागदाची चिठ्ठी घाला. फोटो दोन्ही बाजूंचे घ्या, शिवाय तिरक्या प्रकाशात एक, ज्यात ओरखडे दिसतील. विकणाऱ्याचं मूळ वर्णनही उतरवून ठेवा, विक्री झाल्यावर तेही दिसेनासं होतं.

दुबार प्रती

दोनपेक्षा जास्त प्रती ठेवू नका. सगळ्यात चांगली संग्रहात, दुसरी अदलाबदलीसाठी. देताना तिची नोंदही उतरवून समोरच्याला द्या, म्हणजे वस्तूसोबत हकीगतही पुढे जाते. पांढरी रेघ पडलेली, कड उसवलेली फाइल कुणाच्या गळ्यात मारू नका. तिच्यात रोजचे कागद ठेवा आणि ती फाटेपर्यंत वापरा.